बाहेरच्यांचे टॅग कापले की हरणांचा हर्ड सुधारतो का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे शेजारच्या युटा राज्यात सॉल्ट लेकला राहतात, वायोमिंगमध्ये केमररच्या उत्तरेच्या डोंगरात म्यूल डिअर या हरणाच्या शिकारीला जायची इच्छा, पण नॉनरेसिडेंट, म्हणजे राज्याबाहेरचे, असल्यामुळे ड्रॉमध्ये, म्हणजे परवान्यांच्या सोडतीत, नंबर लागायला वर्षानुवर्षं पॉइंट जमवत बसावं लागतं. वर तिथला लोकल मित्र ऐकवतो की तुम्ही बाहेरचे येता म्हणून आमचे मोठे बक, म्हणजे नर, संपले, तुमचे टॅग, म्हणजे शिकारीचे परवाने, अजून निम्मे करा मग बघा पाच वर्षांत हर्ड, म्हणजे हरणांचा कळप, कसा होतो ते. हे खरं का, असं त्यांनी विचारलंय.

माझं उत्तर : बाहेरच्यांचे टॅग कापले की गर्दी कमी होते, लोकल माणूस खूश होतो, थोडेफार जास्त बक उरतात. हर्ड सुधारत नाही. कोणाच्या वाट्याला किती हा एक प्रश्न आहे आणि हरणं किती नि कशी हा वेगळा प्रश्न आहे, आणि इथल्या मीटिंगांमध्ये पहिल्या प्रश्नावर भांडताना सगळे दुसऱ्याचं नाव घेतात. आधीच सांगून ठेवतो, मी वायोमिंगचा रेसिडेंट आहे, म्हणजे तुमचे टॅग कापले तर माझंच फावतं. पण हेलिकॉप्टरमधून बक-डो (नर-मादी) मोजणं, माग ठेवायला गळ्यात रेडिओ कॉलर लावणं, चेक स्टेशनवर मारून आणलेल्या हरणांचे दात बघून वय काढणं यात बरीच वर्षं गेली, त्यामुळे फायद्यासाठी काहीही मान्य करायला जीभ वळत नाही.

जे लोक पुण्यात किंवा नागपुरात बसून वाचतायत त्यांच्यासाठी दोन ओळी. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यापासून हरणाची शिकार म्हटलं की गुन्हा एवढंच डोक्यात येतं. अमेरिकेत गणित उलटं आहे, हरणं राज्याच्या मालकीची धरतात, राज्य दरवर्षी ठरवतं की कुठल्या भागात किती मारायची, तेवढे परवाने म्हणजे टॅग निघतात, एक टॅग एक हरीण, आणि वन्यजीव खात्याचा पगार, गाड्या, सर्वे बऱ्यापैकी याच पैशातून चालतात. हे बरोबर की चूक यावर स्वतंत्र भांडू, आज नको.

आता मूळ मुद्दा. "हर्ड क्वालिटी" म्हणताना तुमचा मित्र नेमकं काय म्हणतोय हे आधी त्याला विचारा. शंभरातले नव्वद लोक मोठ्या शिंगांबद्दल बोलत असतात. खात्यातले लोक शंभर माद्यांमागे किती नर हे बघतात. आणि मला विचाराल तर डिसेंबरात शंभर माद्यांमागे किती पाडसं आहेत आणि त्यातली एप्रिलपर्यंत किती जगतात हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण पुढचे बक तिथूनच येणार आहेत, आभाळातून नाही पडणार. या तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत.

नराचं काम तसं थोडंच असतं. एक बक सीझनमध्ये अनेक माद्या फळवतो, त्यामुळे शंभर माद्यांमागे पंधरा-वीस नर असले तरी जवळपास सगळ्या माद्या गाभण राहतात, चाळीस नर असले म्हणून जास्त पाडसं होत नाहीत. वायोमिंगमध्ये साध्या भागांसाठी शंभरामागे २० ते २९ बक हे टार्गेट आहे आणि स्पेशल मॅनेजमेंटच्या भागांसाठी ३० ते ४५. वायोमिंग रेंजचा हर्ड, म्हणजे तुम्ही ज्याच्या मागे आहात तोच, स्पेशलमध्ये मोडतो. म्हणजे नर कमी पडले म्हणून हर्ड बसला असं तिथे झालेलंच नाही.

जरा आकडे मांडून बघू, हे आकडे मी उदाहरणासाठी धरतोय. समजा १०,००० माद्या आहेत आणि शंभरामागे ३० च्या हिशोबाने ३,००० बक. बाहेरच्यांचे २०० टॅग कापले, त्यातल्या निम्म्यांना शिकार मिळाली असती असं धरा, म्हणजे १०० बक वाचले. प्रमाण ३० वरून ३१ वर गेलं. हेलिकॉप्टरमधून मोजताना आमची चूकच त्याहून जास्त असते हो, झाडाखाली उभा असलेला बक सुटला की संपलं. आणि हे सुद्धा तेव्हा जेव्हा ते १०० बक दुसरं कोणी मारणार नाही. पण रेसिडेंटला जनरल टॅग ड्रॉशिवाय सरळ विकत मिळतो, त्याच्यावर संख्येचं बंधन नाही, बाहेरच्यांना मात्र रीजननुसार कोटा आहे, तुम्हाला जायचंय त्या भागाचा, म्हणजे रीजन जीचा, कोटा काहीशेचा. मग बाहेरची गर्दी कमी झाली हे कळलं की लोकल लोक अजून उत्साहाने तिकडे जातात आणि तुमचा वाचवलेला बक कोणाच्या तरी पिकअपमध्ये दिसतो. ज्या नळाला तोटीच नाही तो सोडून शेजारचा अर्धा बंद नळ अजून आवळायचा, असं चाललंय.

आणि या हर्डचं खरं काय झालं ते तर सगळ्यांना माहीत आहे तरी मीटिंगमध्ये विसरतात. २०२२-२३ चा हिवाळा. बर्फ लवकर पडला, त्यावर बर्फाचा कडक थर बसला, सेजब्रश, म्हणजे हरणं हिवाळ्यात खातात ती झुडपं, गाडली गेली, आणि मार्च-एप्रिलपर्यंत काही हललंच नाही. वायोमिंग युनिव्हर्सिटीचे लोक तिथे कॉलर लावून वर्षानुवर्षं अभ्यास करतायत, त्यांच्या कॉलर लावलेल्या पाडसांमधलं एकही त्या हिवाळ्यातून वाचलं नाही आणि कॉलरवाल्या मोठ्या माद्यांमधल्या जवळपास ७० टक्के गेल्या. एक अख्खी पिढी गेली म्हणजे काय होतं बघा, २०२२ ला जन्मलेले बक नाहीतच, म्हणजे २०२७-२८ ला जे पाच-सहा वर्षांचे, पूर्ण शिंगांचे नर दिसायला हवे होते त्या जागी भोक पडलेलं असणार, तुम्ही टॅग शून्य केले तरी ते भोक भरत नाही. त्यानंतर २०२३ ला तिथले नॉनरेसिडेंट टॅग कापलेही. मला ते चुकीचं वाटलं नाही, हरणंच नसताना हजार मैलांवरून माणसाला बोलावून पैसे घेणं बरं दिसत नाही. पण त्याला हर्ड सुधारणा म्हणू नका.

मग टॅग कापून कधीच काही होत नाही का? होतं. कोलोरॅडोने १९९९ मध्ये डिअरचे सगळे टॅग ड्रॉवर आणले, फक्त बाहेरच्यांचे नाही, रेसिडेंटचे पण. पुढच्या वर्षांत शंभर माद्यांमागे नरांचं प्रमाण स्पष्ट वाढलं, मोठे बक दिसायला लागले, लोक खूश. पण पाडसांचं प्रमाण वाढलं नाही, उलट काही भागांत थोडं घसरलं. म्हणजे सरसकट टॅग कमी केले तर म्हातारे नर वाढतात हे सिद्ध आहे, हर्ड वाढतो हे नाही. हा फरक ज्याला पटला त्याच्याशी पुढचं बोलण्यात अर्थ आहे.

दुसरी बाजू मोंटानाची. तिथे नॉनरेसिडेंटच्या बिग गेम कॉम्बिनेशन (मोठ्या प्राण्यांच्या एकत्रित) लायसन्सवर १७,००० चं बंधन आहे, २०१० मध्ये लोकांनी मतदान करून आउटफिटरसाठी, म्हणजे पैसे घेऊन शिकारीला नेणाऱ्यांसाठी, राखीव असलेली लायसन्सही काढून टाकली. तरी मोंटानाच्या पूर्वेच्या सरकारी जमिनीवर म्हातारा म्यूल डिअर बक शोधून दाखवा. कारण काय तर जनरल रायफल सीझन पाच आठवड्यांचा, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या वीकेंडपर्यंत, आणि म्यूल डिअरचा माज येतो नोव्हेंबरच्या मध्यावर. माजावर आलेला बक म्हणजे त्याला स्वतःचं भान नसतं, भर दुपारी उघड्यावर मादीच्या मागे चालतो, ट्रक थांबला तरी बघत नाही. त्या पंधरा दिवसांत रायफल हातात असलेला माणूस मोंटानातल्या बोझमनचा असो की लांबच्या बोस्टनचा, बकला काय फरक पडतो. वायोमिंग रेंजमध्ये सीझन सप्टेंबरच्या मध्याला उघडतो आणि ऑक्टोबरच्या पूर्वार्धात बंद होतो, हरणं अजून उंचावर झाडीत असतात, माज दूर असतो, म्हणून तिथे मोठे बक टिकले. तारखा बदलून जितके म्हातारे नर वाचतात तितके कोणाचेही टॅग कापून वाचत नाहीत, पण तारखांना हात लावला की लोकल माणसाचाच वीकेंड जातो, म्हणून तो विषय कोणी काढत नाही!

आयोवाचं उदाहरण तुमचा मित्र देईलच, सगळे देतात. प्राणी वेगळा, तिथे व्हाईटटेल ही हरणाची दुसरी जात. बाहेरच्यांना नर मारायचे टॅग वर्षाला फक्त ६,०००, चांगल्या झोनमध्ये नंबर लागायला बरीच वर्षं जातात, आणि बक तर देशात नावाजलेले. झालं, लोकांनी दोन्ही जोडून टाकलं. पण तिथे वर्षाला लाखाच्या आसपास हरणं मारली जातात, त्यात या सहा हजारांचा वाटा केवढा. आयोवात बंदुकीचे मुख्य सीझन डिसेंबरात आहेत, माज उतरल्यावर. नेहमीच्या लांब पल्ल्याच्या रायफलींना परवानगी नाही, शॉटगन, मझललोडर (तोंडाकडून दारू भरायची बंदूक) आणि सरळ नळीच्या काडतुसाच्या बंदुका. खायला मका आणि सोयाबीन, जितकं पाहिजे तितकं. आणि जवळजवळ सगळी जमीन खाजगी. असं जेवण आणि असे नियम मिळाले तर शिंगं कुठेही मोठी होतील.

मात्र एक गोष्ट आयोवावाल्यांच्या बाजूने प्रामाणिकपणे सांगायला हवी, आणि हीच बाजू मला सगळ्यात पटते. बाहेरचा शिकारी टॅग एकटा घेऊन येत नाही, पैसे घेऊन येतो. त्याला खात्रीने दरवर्षी टॅग मिळणार असेल तर तो शेत लीजवर घेतो, किंवा आउटफिटर घेतो आणि त्याला विकतो, मग ज्या शेतात गावातला पोरगा दार वाजवून, मालकाला विचारून शिकार करत होता तिथे कुलूप लागतं. ६,००० च्या मर्यादेमुळे हा बाजार आयोवात बराच दबलेला राहिला. म्हणून तिथे बाहेर राहणाऱ्या जमीनमालकांना टॅग सोपे करा असं बिल आलं की लोकल शिकारी तुटून पडतात, आणि ते बरोबर करतात असं माझं मत. पण बघा, हा मुद्दा शिकारीच्या जागेचा आहे, गावातल्या माणसाच्या हक्काचा आहे. तो तसाच मांडावा ना सरळ, हरणांच्या भल्याचं नाव कशाला.

शिंगांबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण यावर फार गैरसमज आहेत. शिंगं वय, आहार आणि वंश या तिघांवर ठरतात, आणि म्यूल डिअरमध्ये नर साधारण पाच ते सात वर्षांचा झाल्यावर शिंगं पूर्ण भरतात. वंशाच्या बाबतीत तुम्ही जंगलात काहीही करू शकत नाही, मादी पण निम्मा वंश देते आणि तिच्या डोक्यावर काही दिसत नाही. राहिला आहार, आणि त्यात एक गंमत आहे. साउथ डकोटाच्या ब्लॅक हिल्समधले व्हाईटटेल अंगाने छोटे आणि शिंगांनी कमी, पूर्वेच्या शेतीभागातले मोठे. संशोधकांनी दोन्हीकडची हरणं आणून एकाच चांगल्या खाद्यावर वाढवली. ब्लॅक हिल्समधून आलेल्या माद्यांच्या मुलग्यांना भरपूर खायला मिळून सुद्धा ते मागेच राहिले, पण त्यांच्या पुढच्या पिढीने पूर्वेवाल्यांना जवळपास गाठलं. म्हणजे आज दिसणाऱ्या बकच्या डोक्यावर जे आहे त्यात त्याची आई गाभण असताना किती उपाशी होती तेही आहे. आता सांगा, एखाद्या शिकाऱ्याचा टॅग कापून त्या मादीच्या पोटात काय जातं?

आणि "फोर पॉइंट ऑर बेटर" वाला नियम, म्हणजे एका बाजूला चार टोकं नसतील तर मारायचा नाही, तोही लोकांना फार आवडतो. दोन वर्षं बरं वाटतं. मग चार टोकं लवकर आलेले तरणे नर मारले जातात, शिंगांनी कच्चे तेच वय वाढेपर्यंत वाचतात, आणि चुकून तीन टोकांचा पडला की माणूस तिथेच सोडून पळतो. चालू द्या.

आता जी गोष्ट मोठ्या शिंगांच्या भक्तांना ऐकायची नसते ती. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, सीडब्ल्यूडी. प्रायॉन म्हणजे बिघडलेल्या प्रथिनाचा रोग, मेंदूला भोकं पडतात, प्राणी वाळत जाऊन मरतो, औषध नाही, लस नाही. १९६७ मध्ये कोलोरॅडोच्या फोर्ट कॉलिन्सला संशोधन केंद्रातल्या म्यूल डिअरमध्ये पहिल्यांदा लक्षात आला, आता कितीतरी राज्यांत आहे. यात मोठ्या नरांमध्ये लागण माद्यांपेक्षा सहसा बरीच जास्त सापडते, कारण ते फिरतात जास्त आणि माजाच्या दिवसांत सगळ्यांच्या अंगाला अंग लावतात. म्हणून कोलोरॅडोला, जिथे १९९९ नंतर नर साठवले, तिथेच पुढे जास्त लागणीच्या भागांत नर जास्त मारा असं धोरण घ्यावं लागलं. वायोमिंगच्या आग्नेय भागात कन्व्हर्स काउंटीकडे या रोगाने हर्ड कसा आत बसतो ते आम्ही बघितलंय. तुमच्या भागात लागण कमी असेल तर म्हातारे नर राखणं परवडतं, जास्त असेल तर शंभरामागे चाळीस बक हा आजारी हर्ड असू शकतो, दिसायला कितीही भारी दिसो. आणि तुम्हाला टॅग लागला तर हरणाची लिम्फ नोड तपासायला द्या, रिपोर्ट येईपर्यंत मटण फ्रीजरमध्ये ठेवा, पॉझिटिव्ह आलं तर खाऊ नका. घरी लहान मुलं असतील तर यावर वाद घालत बसू नका.

पैशाचा हिशोब पण टाकतो. वायोमिंगचा साधा डिअर टॅग रेसिडेंटला ४२ डॉलर, बाहेरच्याला ३७४, स्पेशल, म्हणजे जास्त फीच्या, ड्रॉमधून घेतला तर हजाराच्या वर. वरचे २०० टॅग कापले म्हणजे कमीत कमी ७४,८०० डॉलर गेले, ते रेसिडेंट टॅगमधून भरून काढायला अंदाजे १,७८० टॅग जास्त विकावे लागतील, म्हणजे बक वाचवायला निघालो आणि मारणारे वाढवून बसलो. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या करातून राज्यांना जे पैसे येतात त्याच्या वाटपातही लायसन्सधारकांची संख्या धरतात. हे पैसे कुठे लागतात? कुंपणं हरणांना ओलांडता येतील अशी बदलायला, चीटग्रास या उपद्रवी गवतावर फवारणी करायला, रस्त्याखालून बोगदे काढायला. केमररच्या पश्चिमेला नगेट कॅनियनमध्ये यूएस ३० हायवेवर कुंपण आणि अंडरपास केले, तिथे गाडीखाली हरणं येण्याचं प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास घटलं. त्यात माद्या वाचल्या, पोटातल्या पाडसांसकट, आणि त्या दर वर्षी वाचतायत.

"फेडरल जमीन सगळ्या अमेरिकनांची, मग माझ्याकडून नऊपट का घेता" हा तुमचा राग मला कळतो, पण कायद्यात त्याला जागा नाही. जमीन फेडरल असली तरी हरीण राज्याचं. १९७८ मध्ये बॉल्डविन विरुद्ध मोंटाना फिश अँड गेम कमिशन या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हौसेची शिकार हा मूलभूत हक्क नाही, बाहेरच्यांकडून जास्त फी घेता येते. २००२ ला ॲरिझोनाच्या १० टक्के मर्यादेवर अपील कोर्टाने प्रश्न उभा केला होता, तेव्हा आउटफिटर लोकांना वाटलं की आता दारं उघडणार, पण २००५ मध्ये काँग्रेसने कायदाच करून टाकला की राज्यांना असा भेद करायचा अधिकार आहे. तो रस्ता बंद.

बाहेरच्यांवर मर्यादा कुठे योग्य? जिथे ती नसल्यामुळे लोंढा एकाच ठिकाणी येतो तिथे. आयडाहोमध्ये पूर्वी जनरल डिअर टॅग बाहेरचा माणूस घ्यायचा आणि हव्या त्या युनिटमध्ये जायचा, बाकीच्या राज्यांत ड्रॉ लागला नाही की सगळे तिकडे. ट्रेलहेडवर, म्हणजे पायवाट सुरू होते तिथे, गाडी लावायला जागा नाही अशी वेळ आल्यावर २०२१ पासून युनिटप्रमाणे मर्यादा घातली. कारणही त्यांनी सरळ गर्दीचं दिलं, आणि गर्दी कमी झाली. चांगला निर्णय. असं स्पष्ट बोललं की मला काही अडचण नाही.

तर मित्राला दोन प्रश्न विचारा. रेसिडेंटचे जनरल टॅग त्या भागात मर्यादित करायला, म्हणजे तुला स्वतःला पण ड्रॉमध्ये उभं राहायला, चालेल का? आणि हिवाळ्यात हरणं जिथे उतरतात तिथे जानेवारी ते एप्रिल गाडी आणि स्नोमोबील बंद, गळालेली शिंगं गोळा करायला १ मेच्या आधी कोणी जायचं नाही, हे पाळायला लावशील का? दोन्हीला हो म्हणाला तर तो हरणांच्या बाजूचा आहे, तुमचे टॅग कापायचं म्हणाला तरी ऐकून घ्या.

तुमच्या बाबतीत : रीजन जीचे पॉइंट चालू ठेवायचे असतील तर ठेवा, पण २०२२ ची पिढी गेलेली आहे हे धरून पुढची दोन-तीन वर्षं मोठ्या बकच्या आशेने तिथे पॉइंट खर्च करू नका, तोपर्यंत कमी पॉइंटवर लागणारा दुसरा भाग बघा. आणि बाहेरच्यांना वायोमिंगच्या घोषित वाइल्डरनेसमध्ये (राखीव रानात) बिग गेमसाठी लायसन्सवाला गाइड किंवा रेसिडेंट सोबती लागतो, नकाशावर ती हद्द आधी बघून ठेवा. सोबती म्हणून तो मित्रच चालतो, त्याला त्यासाठीचं परमिट फुकट मिळतं.